बोर्डिंगातून घरी लिहिलेली पत्रं: खरं काय लिहायचात?

टेकडीवरचा

नमस्कार मंडळी,

गोव्यात, बार्देश तालुक्यातल्या एका टेकडीवर आमचं बोर्डिंग होतं. शाळा अजून भरते, पण राहणारे मुलगे यंदापासून नाहीत. वर्गमित्रानं डॉर्मिटरीचा फोटो पाठवला. खाटा गेल्यात, भिंतीवर रंगवलेले आमचे नंबर तेवढे राहिलेत. तोच नंबर कपड्यांवर, तोच ट्रंकेवर, तोच ताटाच्या मागे कोरलेला.

मी पाचवी ते दहावी तिथं होतो, १९८१ ते १९८७. सत्तरी तालुक्यातल्या मराठी शाळेत चौथी झाली आणि एकाच जून महिन्यात इंग्रजी सुरू झालं, घर सुटलं. आमच्या गावाजवळ तेव्हा हायस्कूल नव्हतं, त्यामुळे घरच्यांना दोष देत नाही.

विचारायचं आहे ते पत्रांबद्दल. रविवारी सकाळी स्टडी हॉलमध्ये पत्र लिहायचा तास असे. निळं आंतर्देशीय. लिहून झालं की न चिकटवता वॉर्डनच्या टेबलावर ठेवायचं, ते वाचणार आणि मग चिकटवणार. आईनं माझी सगळी पत्रं जपून ठेवलीत. गेल्या महिन्यात वाचायला घेतली. "तीर्थरूप आईबाबांना शि. सा. न. वि. वि. मी येथे खुशाल आहे. जेवण चांगले असते. पाऊस चांगला आहे." सहा वर्षं हेच! पहिल्या पावसाळ्यात माझ्या खाटेवर कौलं गळत होती, गादी ओली असायची आणि मी रात्री उशीत तोंड खुपसून रडायचो. पत्रात त्याचं "पाऊस चांगला आहे" झालं.

तुम्ही खरं काय लिहायचात? कसं? कुणाला? बाकीच्या आठवणीही येऊ द्या, बऱ्यावाईट दोन्ही.

डिचोलीचा बाब्या

आमच्याकडेही पत्रं वाचली जायची. पण माझ्या थोरल्या भावानं आधीच तिथं वर्षं काढली होती, त्यामुळे घरून निघतानाच खुणा ठरल्या होत्या. "मोत्याला जेवू घाला" म्हणजे पैसे संपले. "गाय व्याली का?" म्हणजे मला येऊन भेटा, जीव रमत नाही.

एकदा मी अगदी कळवळून "गाय व्याली का?" लिहिलं. आई माहेरी गेलेली, पत्र पडलं आजोबांच्या हातात. त्यांचं उलट टपाली उत्तर: "होय, पाडा झाला, दोघेही सुखरूप." वॉर्डननी ते वर्गात वाचून दाखवून माझं अभिनंदन केलं.

शेवटचा बाक

बाब्या, पोट दुखलं हसून. पाड्याचं नाव काय ठेवलं?

डिचोलीचा बाब्या

वॉर्डनचंच.

फोंडेकर

छान धागा. पत्रांचं नंतर लिहितो, आधी जेवणाचं, कारण बोर्डिंग म्हटलं की मला पहिली भूक आठवते.

सकाळी चहा आणि पाव. पोदेर, म्हणजे पाववाला, टेकडी चढताना सायकलवरून उतरायचा आणि ढकलत यायचा. त्याचा भोंगा खालच्या वळणावर वाजला की आम्ही घंटेआधी जागे. दहाच्या सुट्टीला उकड्या तांदळाची पेज आणि बाजूला तोराची (कैरीची) फोड. ही पेज मला आजही लागते, आमच्या घरात रविवारी होतेच. दुपारी शीत आणि हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी. हुमणात मासा शोधावा लागायचा. रात्री पातळ डाळ. वाईट नव्हतं, पण तेरा-चौदा वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलग्याला ते पुरायचं नाही.

खरी चंगळ भेटीच्या रविवारी. आमच्या आया नेवऱ्या, चकल्या, बाटलीत भरलेली सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर आणायच्या. किरिस्तांव मुलग्यांच्या आया दोदोल, नाताळच्या सुमाराला बेबिंका. संध्याकाळी पालक गेले की डॉर्मिटरीत बाजार भरायचा. एका नेवरीला दोदोलचे दोन तुकडे हा भाव ठरलेला. किसमुरीला भाव नव्हता, ती फक्त जिवलगांना. माझ्या शेजारच्या खाटेवर बाणावलीचा मुलगा होता. त्याला आमच्या गणेश चवथीच्या नेवऱ्या आणि मला त्याच्या आईचं दोदोल, हा व्यवहार दहावीपर्यंत चालला. तो आता लिस्बनला असतो, अजून चवथीला फोन करतो.

अबोली

फोंडेकर, "हुमणात मासा शोधावा लागायचा" वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. मी बोर्डिंगात असणं शक्यच नव्हतं, पण आमचे बाबा फोंड्याकडच्या एका बोर्डिंगात रांधपी, म्हणजे स्वयंपाकी, होते. आम्ही आवारामागच्या दोन खोल्यांत राहायचो.

बाबा पहाटे चारला उठायचे. भाण चुलीवर चढायचं, पाणी तापेपर्यंत नारळ फोडून व्हायचे. मासळी किती आणायची ते त्यांच्या हातात नव्हतं. दिलेल्या पैशात पेडवे किंवा तार्ली जितकी येतील तितकी. मग ते काय करायचे तर डोकी आणि शेपट्याही हुमणात टाकायचे, निदान वास तरी यावा आणि रस दाट लागावा. वाढताना पळी तळापासून फिरवून छोट्या मुलग्यांना आधी वाढायचे, कारण मोठे रांगेत पुढे घुसतात हे त्यांना माहीत होतं. आजारी मुलगा असला की त्याची पेज आमच्या खोलीतल्या चुलीवर, आई करायची. त्याचे पैसे कुणी दिले नाहीत, आम्ही मागितलेही नाहीत.

आता पत्रांबद्दल. मुलगे बाबांना चोरून पत्रं द्यायचे. शेंगदाण्याच्या पुडीसारखी बारीक घडी केलेली, वहीच्या कागदाची. बाबांना वाचता येत नव्हतं. मी पाकिटं आणायचे, पत्ते लिहायचे आणि शुक्रवारी बाजाराला जाताना टाकायचे. मी तेव्हा सातवीत. वाचायची नाहीत अशी बाबांची सक्त ताकीद होती आणि मी वाचली नाहीत. पण एक उघडंच आलं होतं, तीनच शब्द होते त्यावर, ते दिसलेच. "आई, मला ने."

तो मुलगा कोण ते मी सांगणार नाही. त्याची आई पुढच्या आठवड्यात आली होती, एवढं सांगते.

टेकडीवरचा

अबोलीताई, काय लिहू? तुमच्या बाबांसारखं माणूस आमच्याकडे नव्हतं, निदान मला तरी माहीत नव्हतं. ते आहेत का?

अबोली

नाहीत, दादा. २००९ मध्ये गेले. पण त्यांना वाचून दाखवलं असतं तर "पाकिटाचे पैसे कोण देणार" एवढंच म्हणाले असते!

जुना बोर्डर

धाग्याचा सूर फार रडका होतोय. मी १९६८ ते १९७४ बोर्डिंगात होतो. पहाटे साडेपाचला उठणं, विहिरीवर थंड पाण्यानं आंघोळ, स्वतःचे कपडे स्वतः धुणं, स्वतःची खाट स्वतः आवरणं. आज वयाच्या सत्तरीला मी माझी सगळी कामं करतो, ती सवय तिथली. छडी खाल्ली, हो. खाल्ली म्हणून आयुष्यभर वेळेवर पोचलो. वॉर्डन पत्रं वाचायचे कारण नव्या मुलग्यानं पहिल्या आठवड्यात "मला ने" लिहिलं तर आई धावत येते आणि मुलगा कायमचा परत जातो. महिनाभर टिकला की रमतो. त्यांना शेकडो मुलग्यांचा अनुभव होता. आपल्या पिढीत सत्तरी-सांगे-काणकोणातले जे डॉक्टर-इंजिनियर झाले त्यातले कितीतरी बोर्डिंगातून गेले, हेही कुणी लिहा.

रानभाजी

जुना बोर्डर, वयाचा मान राखून, साफ असहमत.

वेळेवर पोचायला घड्याळ पुरतं. आमच्याकडे जो लहान मुलगा रात्री गादी ओली करायचा, त्याला सकाळच्या असेंब्लीत गादी डोक्यावर घेऊन उभं करायचे. सगळी शाळा बघायची. दहा वर्षांचा मुलगा! त्यात शिस्त कुठली? शाळेचं नाव घेत नाही, त्या माणसाचंही नाही. पण त्या मुलग्यानं दर रविवारी "मी खुशाल आहे" लिहिलं, कारण ज्यानं गादी उचलायला लावली तोच पत्र वाचणार होता. पत्र वाचण्याची पद्धत कुणाला सांभाळत होती ते यातच आलं.

"शेकडोंचा अनुभव" म्हणता, पण जे परत गेले त्यांना कुणी विचारलं का? जे टिकले तेच पुढे बोलायला राहिले.

शेवटचा बाक

+१ रानभाजी. आणि गोवा बाल कायदा २००३ मध्ये आला, त्यात शाळेतल्या शारीरिक शिक्षेला बंदी आहे. देशभर शिक्षण हक्क कायद्यानं २००९ मध्ये तेच केलं. त्यानंतरची मुलंही वेळेवर पोचतातच की.

जुना बोर्डर

गादीचा प्रकार आमच्याकडे नव्हता. असता तर मीही त्याला शिस्त म्हटलं नसतं. बाकी माझं मत कायम.

गोलकीपर

जरा विषयांतर, पण फुटबॉलशिवाय गोव्यातल्या बोर्डिंगाचा धागा पुरा होईल का?

लाल मातीचं मैदान, एका गोलमागे भिंत, दुसऱ्या गोलमागे दरी. दरीत चेंडू गेला की ज्यानं मारला त्यानं उतरायचं. आम्ही अनवाणी खेळायचो, पायाच्या अंगठ्याला कायम पट्टी. पावसात शर्ट असे लाल व्हायचे की धोबी हात टेकायचा. आणि १९८४ ची संतोष ट्रॉफी! गोव्यानं जिंकली आणि अख्ख्या स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. ब्रह्मानंद संखवाळकर गोलमध्ये. वॉर्डननी स्वतःचा रेडिओ व्हरांड्यात आणून ठेवला, स्टडी रद्द. जो माणूस बोलताना पकडलं तर अर्धा तास गुडघ्यावर बसवायचा, तो त्या दिवशी आमच्याबरोबर ओरडत होता. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना गोलकीपरच व्हायचं होतं. मी झालो, उंची कमी असूनही.

माझ्या पत्रात खरं फक्त फुटबॉलचं असायचं. बाबा म्हणायचे, तुझं पत्र आणि 'नवप्रभा'चं खेळाचं पान यात फरक नाही.

आगशीकर

@टेकडीवरचा, तुम्ही १९८६ मध्ये बार्देशात होतात म्हणजे तुम्हाला तो रविवार आठवत असेल. ५ जुलैला, शनिवारी, मांडवीचा नेहरू पूल कोसळला आणि दुसऱ्याच दिवशी आमचा भेटीचा रविवार. मीही बार्देशातल्याच एका बोर्डिंगात होतो, बहुतेक शेजारच्याच टेकडीवर. नदीपलीकडच्या तिसवाडी, फोंडा, सालसेतचे आम्ही सगळे सकाळपासून कठड्यावर बसलेलो. खाली रस्त्यावर एक गाडी दिसली की दहा मुलगे उभे राहायचे. पणजी-बेती फेरीला एवढी गर्दी झाली होती की लोक तासन्‌तास धक्क्यावर अडकले. माझे बाबा दुपारी चारला पोचले, भेटीची वेळ संपत आलेली. छत्री मोडलेली, डब्यातलं सगळं ओलं. ते म्हणाले, "पूल पडला बाबू, पण बघ, आलो." वॉर्डननी त्या दिवशी वेळ वाढवून दिली, हे मी विसरणार नाही.

माझ्या काकांच्या काळी तर झुवारीही फेरीनंच ओलांडायची, आगशी ते कुठ्ठाळी. झुवारीवर पूल झाला १९८३ मध्ये. काणकोणहून म्हापशाला यायचं म्हणजे दोन नद्या, दोन फेऱ्या, अख्खा दिवस. मूल बोर्डिंगात ठेवायचं नाही तर काय करायचं?

टेकडीवरचा

आठवतो, चांगलाच. आमचा रस्ता डिचोलीवरून, पूल लागत नव्हता, त्यामुळे माझे आईबाबा वेळेवर आले. पण माझ्या खाटेशेजारचा फोंड्याचा मुलगा दिवसभर कठड्यावर होता. आईनं आणलेले लाडू मी त्याला नेऊन दिले तर त्यानं घेतले नाहीत. घेतले असते तर त्याची आई येणार नाही असं झालं असतं. रात्री दिवे गेल्यावर घेतले.

साळावली

सगळ्यांचं वाचतोय, आज लिहितोच.

मी कुर्डीचा. तालुका सांगे. गायिका मोगूबाई कुर्डीकरांची कुर्डी म्हटलं की लोकांना कळतं. मी मडगावात वसतिगृहात राहून शिकत होतो तेव्हा साळावली धरणाचं काम चालू होतं. गाव उठणार हे लहानपणापासून ऐकत होतो, पण गाव उठतं म्हणजे काय होतं ते कळत नव्हतं. पत्रावर पत्ता लिहायचो: मु. कुर्डी, ता. सांगे. एकदा बाबांचं पत्र आलं, त्यात शेवटी एकच ओळ, "यापुढे पत्र वाड्याच्या वसाहतीच्या पत्त्यावर टाकणे." बाकी सगळं नेहमीचं. अभ्यास कर, प्रकृतीस जप.

वॉर्डननी ते पत्र देताना मला बसवून घेतलं. त्यांनी ते आधी वाचलं होतं, म्हणून त्यांना ठाऊक होतं. सुट्टी हवी का विचारलं. मी नको म्हणालो, का ते आजही सांगता येत नाही. सुट्टीत गेलो तो थेट नव्या घरात. आमच्या जुन्या घराचे वासे, दारं बाबांनी काढून आणली होती. तुळशीवृंदावन राहिलं तिथंच.

मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतो, सोमेश्वराच्या देवळापाशी आम्ही सगळे जमतो. आमच्या घराचं जोतं मी मुलींना दाखवतो. पण घर मोडताना मी तिथं असायला हवं होतं. बोर्डिंगबद्दल माझी तक्रार काही असेल तर एवढीच, की घरातल्या मोठ्या गोष्टी आपल्याशिवाय होऊन जातात आणि आपल्याला त्या पत्रातून कळतात.

पोफळी

साळावली, वाचून गप्प झाले. तुमच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. माझा भाऊ बोर्डिंगात असताना आमची आजी गेली. परीक्षा होती म्हणून त्याला दहा दिवसांनी कळवलं. तो आज पन्नाशीचा आहे, अजून बाबांशी त्या विषयावर बोलत नाही.

निळं आंतर्देशीय

वॉर्डन लोकांवर बरीच टीका झाली, काही अगदी बरोबर आहे. माझा अनुभव वेगळा म्हणून नोंदवतो.

माझे बाबा कुवेतला होते. २ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेत घेतलं तेव्हा मी आठवीत. आमच्या वर्गात तिघांचे वडील तिकडे. फोन बंद, तार नाही, काही नाही. आई गावात, शेजारच्या घरी फोन. आम्हाला बातम्या आकाशवाणीवरून, नाहीतर 'गोमन्तक'मधून. वॉर्डननी आम्हा तिघांना सांगितलं, रात्री कितीही वाजता माझ्या दारावर थाप मारा. पेपर आला की आधी आम्हाला, मग स्टाफरूमला. आणि दर संध्याकाळी त्यांच्या ऑफिसातल्या फोनवरून आईला लावून द्यायचे आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे. दार लावून घ्यायचे.

बाबा बगदाद, मग अम्मान करत एअर इंडियाच्या विमानानं मुंबईला उतरले. तेव्हा दीड लाखाहून जास्त भारतीयांना तसंच आणलं. ते थेट बोर्डिंगात आले, घरी जायच्या आधी. दाढी वाढलेली, हातात एक प्लॅस्टिकची पिशवी. वॉर्डननी मला वर्गातून बोलावलं तेव्हा मी ओळखलंच नाही.

मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे. बाकीची पत्रं तेही वाचत होतेच, पण दार लावून बाहेर उभं राहायचं कधी ते त्यांना कळत होतं.

रानभाजी

असा वॉर्डन असता तर मी आज वेगळंच लिहिलं असतं. दंडवत त्यांना.

पेडणेकर नातू

आमच्या आजोबांना हा धागा वाचून दाखवला. ते सांगतायत, मी टंकतोय.

"तुमच्या काळी निदान पत्र जात होतं. मी बेळगावला शिकत होतो. पोर्तुगीज राज्यात मराठीतून, इंग्रजीतून पुढचं शिकायची सोय थोडी, म्हणून आम्हा बऱ्याच मुलांना बेळगाव, धारवाड, मुंबईला पाठवत. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रह्यांवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, त्यानंतर हद्द बंद, रेल्वे बंद. वसतिगृहात आम्ही गोव्याचे सात-आठ जण. पत्र टाकलं तरी पोचेल याचा भरवसा नाही. रानवाटेनं जाणारायेणारा कुणी भेटला तर चिठ्ठी द्यायची, तीही नाव न घालता, पकडला गेला तर घरच्यांना त्रास नको म्हणून. मी फक्त 'क' लिहायचो. चवथीला सगळी मुलं घरी जात, आम्ही वसतिगृहातच चिखलाचा गणपती करून पुजायचो. रेक्टरच्या घरून नैवेद्य यायचा. १९ डिसेंबर १९६१ नंतर घरी गेलो तर धाकट्या बहिणीनं मला विचारलं, तुम्ही कोण?"

आजोबा विचारतायत की त्या काळी बेळगावात असलेलं आणखी कुणी इथं आहे का.

फोंडेकर

आजोबांना नमस्कार सांगा. माझे मामा त्याच काळात धारवाडला होते, आता नाहीत. त्यांच्याकडून चोर्ला घाटातल्या रानवाटेच्या गोष्टी खूप ऐकल्यात. वेगळा धागाच काढा यावर, आजोबांकडून सगळं लिहून घ्या.

शेवंती

मी गेले दोन दिवस हा धागा वाचतेय आणि काळजात कालवाकालव होतेय, कारण आमच्याकडे हाच विषय चालू आहे. मुलगा दहा वर्षांचा. आम्ही दोघं नोकरीला, यांची बदली सतत. सासरे म्हणतात निवासी शाळेत घाला, ते स्वतः बोर्डिंगातच वाढले. मुलगा म्हणतो जातो, पण त्याला फुटबॉलचं मैदान तेवढं दिसलंय. तुम्ही सगळे राहून आलेले आहात. आजच्या दिवसांत पाठवावं का? खरं सांगा.

डिचोलीचा बाब्या

ताई, आमच्या वेळी दुसरा इलाज नव्हता. कदंबच्या बसगाड्या सुरू झाल्या १९८० मध्ये, पूल झाले, तालुक्या-तालुक्यात हायस्कूलं, हायर सेकंडरी झाली. म्हणूनच बोर्डिंगं बंद होतायत. ज्या कारणासाठी ती होती ते कारणच उरलं नाही. तुमच्याकडे दुसरा इलाज असेल तर तो आधी बघा.

जुना बोर्डर

पाठवा. पण दहाव्या वर्षी नको, आठवीत पाठवा. हे मी, मी म्हणतोय.

रानभाजी

जुना बोर्डर, पहिल्यांदाच आपलं जमलं!

शेवंतीताई, मी एवढंच सांगेन. मैदान, जेवण, निकाल हे सगळे दाखवतातच. तुम्ही एक विचारा: मुलाला घरी बोलायचं असलं तर तो कुठून बोलतो आणि तेव्हा खोलीत दुसरं कोण असतं? संडास-बाथरूमची दारं आतून लागतात का तेही बघा. आणि लहान मुलांना एकटं गाठून पाच मिनिटं बोला, मोठ्यांशी नको, मोठे पाठ केलेलं बोलतात.

अबोली

आणि स्वयंपाकघरात जा, ताई. रांधप्याला मुलांची नावं माहीत आहेत का बघा.

टेकडीवरचा

पुन्हा पत्रांवर येतो, कारण या धाग्यामुळे काल आईशी बोललो.

तिला विचारलं, पत्रं वाचून तुला कधी शंका आली का? ती म्हणाली, "कसली शंका? तू इतका आनंदात होतास म्हणूनच तर धाकट्याला पाठवला." मला हे माहीतच नव्हतं. मी समजत होतो की बाबांचा आग्रह होता. तर माझ्या "मी येथे खुशाल आहे"वर माझा भाऊ तिथं आला. तिला गळक्या कौलांचं, रडण्याचं सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग जरा रागानंच म्हणाली, "एकदा तरी लिहायचंस." वॉर्डन वाचायचे हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. पत्र चिकटवलेलं यायचं ना!

भावालाही फोन केला. तो म्हणतो, माझी वर्षं मजेत गेली, तू होतास की तिथं. मी नववीत, तो पाचवीत. त्याची गादी मी भिंतीकडच्या कोरड्या खाटेवर टाकून घेतली होती, प्रीफेक्टला दोन रविवारच्या चकल्या देऊन. तो ते विसरलेला.

साळावली

तुमच्या आईंना आता एक खरं पत्र लिहा. फोनवर नको, कागदावर.

टेकडीवरचा

लिहायला घेतलंय. चार पानं झालीत, अजून सहावीतच आहे.

शेवंती

सगळ्यांचे आभार. काल जाऊन आले. मैदान खरंच छान आहे. रानभाजी, तुमचा प्रश्न विचारला. फोन रविवारी, ऑफिसातून, सर समोर बसलेले असतात, दहा मिनिटं. मी म्हटलं, सरांना बाहेर बसता येईल का? ते म्हणाले, असा नियम नाही, आजवर कुणी मागितलंही नाही. मी लेखी मागितलंय. अबोली, स्वयंपाकघरातही गेले. तिथल्या बाईंना मुलांची नावं माहीत होती, कुणाला दूध चालत नाही तेसुद्धा.

यंदा तरी पाठवत नाही. सासऱ्यांना हा धागा वाचायला दिलाय, अजून वाचतायत. यांच्या बदलीचं मार्चमध्ये कळेल, तोवर त्याला गावच्या क्लबात फुटबॉलला घालतेय.

गोलकीपर

कुठल्या गावच्या? साळगाव-पर्रा बाजूला असलात तर संध्याकाळी मैदानावर घेऊन या, मी शनिवार-रविवार लहान मुलांना शिकवतो. बूट नसले तरी चालतील.